घरगुती सीएनसी ताठ कशी करायची: भरीव बार, पोकळ पाईप आणि झेडची प्लेट

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ६०० बाय ४०० बाय २०० मिमी ट्रॅव्हलची (म्हणजे कटर तेवढा फिरेल अशी) सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन, घरीच बनवायचीय, काम मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमचं, अधूनमधून माइल्ड स्टील, गॅन्ट्रीसाठी (कटरचं डोकं ज्याला लटकतं तो आडवा पूल) ६० बाय ६० चे भरीव स्टीलचे बार आणून पण ठेवलेत कारण कुणीतरी सांगितलं की मशीन जितकी जड तितकी भारी, आणि आता विचारताय की वेल्डिंग करू का बोल्ट मारू, आत काँक्रीट भरू का, आणि २.२ किलोवॅटचा वॉटर कूल्ड स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) स्टीलला चालेल का. सगळ्याचं उत्तर देतो पण क्रम माझा ठेवतो, कारण तुम्ही विचारलं नाहीये ते आधी सांगायला लागणार आहे.

मी आत्तापर्यंत तीन मशीन बनवल्यात. पहिली चौघांनी मिळून उचलायला लागायची आणि तरी अ‍ॅल्युमिनियममध्ये १ मिमी खोल गेली की अशी किंचाळायची की घरातले दार लावून घ्यायचे. मला वाटायचं फीड (कटर पुढं सरकायचा वेग) चुकतोय, कटर खराब आहे, स्पिंडलचं बेअरिंग गेलंय. सहा महिने तेच. शेवटी डायल (बारीक हालचाल दाखवणारं घड्याळासारखं मापक) लावून बघितलं तेव्हा कळलं की एवढं सगळं लोखंड आपल्या जागी गप्प बसलंय आणि झेडची, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या भागाची, एक प्लेट तेवढी डुलतीय. त्यामुळे जड आणि ताठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी स्वतःची पाठ दुखवून शिकलोय.

आता तुमच्या बारचाच हिशोब करू. ६० बाय ६० भरीव बार मीटरला साधारण २८ किलो भरतो. १५० बाय १५० चा ६ मिमी जाडीचा चौकोनी पाईप मीटरला साधारण २७ किलो. म्हणजे वजन जवळपास तेच, लोखंड तेवढंच. पण वाकण्याच्या बाबतीत पाईप ११ पट ताठ आहे आणि पिळवटण्याच्या बाबतीत जवळपास १० पट. कारण सोपंय, मधल्या भागातलं लोखंड वाकताना फारसं काही करतच नाही, काम करतं ते कडेचं, आणि ते मध्यापासून जितकं लांब तितकं जास्त करतं.

१ मीटरची गॅन्ट्री धरा, मध्ये ५०० न्यूटन म्हणजे ढोबळ ५० किलोचा आडवा जोर, आणि कटरचं टोक बीमच्या मध्यापासून ३०० मिमी खाली. भरीव बार नुसता वाकून ०.०४८ मिमी जाईल आणि वर पिळवटल्यामुळे टोकाला अजून ०.०७७ मिमी, म्हणजे एकूण सव्वाशे मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिमी). तोच जोर १५० च्या पाईपवर दिला तर दोन्ही मिळून बारा-साडेबारा मायक्रॉन. (वाकताना टोकं नुसती टेकलेली आणि पिळाला दोन्हीकडून पक्की धरलेली असं मानून केलेला हिशोब आहे, प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होईल, पण दहापटीचा फरक काही पुसला जात नाही.) आणि बघा, दोन्हीकडे पिळाचा आकडा वाकण्यापेक्षा मोठा आला. लोक बीम वाकेल म्हणून घाबरतात, पिळाचा विचारच करत नाहीत, आणि गॅन्ट्रीला तर स्पिंडल पुढं लटकवलेला असतो म्हणजे पीळ आलाच.

इथंच अजून एक सांगून टाकतो. पाईपला लांबीभर चीर पडली, म्हणजे बंद खोका राहिला नाही, की पिळाचा ताठपणा शेकडो पटीनं खाली येतो. थोडं नाही, शेकडो पट. म्हणून सी चॅनेलची (एका बाजूनं उघड्या पट्टीची) गॅन्ट्री करू नका, आणि वायरी घालायला किंवा नट धरायला बीमला लांबलचक खिडकी कापू नका. हात जाईल एवढी गोल भोकं पाडा, तीही लांब लांब, आणि आत दोन-तीन ठिकाणी आडव्या पट्ट्या वेल्ड करून घेता आल्या तर उत्तम.

आता झेड. कटरच्या टोकावर बोट ठेवा आणि मशीनवरून फिरत फिरत जॉबपर्यंत, म्हणजे कापायच्या तुकड्यापर्यंत, या. कटर, कोलेट (कटर पकडणारी कडी), स्पिंडल, त्याचा क्लॅम्प, झेडची प्लेट, ब्लॉक (रेलवर सरकणारा), रेल, गॅन्ट्री, पाय, बेस, परत रेल, टेबल, व्हाइस (जॉब आवळून धरणारा), जॉब. हे सगळं एकामागे एक जोडलेल्या स्प्रिंगसारखं आहे. प्रत्येकजण थोडं थोडं सरकतो आणि सगळ्यांची बेरीज कटरच्या टोकाला दिसते. त्यामुळे एकाला कितीही ताठ केलं तरी जो सगळ्यात मऊ आहे त्याचाच आकडा बेरजेत राहतो.

मऊ बहुतेक वेळा झेडच. २० मिमी जाड, १५० मिमी रुंद स्टीलची प्लेट, खाली २५० मिमी लटकतीय, तिच्या टोकाला तोच ५०० न्यूटन दिला तर ०.१३ मिमी वाकते. वरच्या १५० च्या पाईपची गॅन्ट्री बारा मायक्रॉन आणि ही एकटी एकशेतीस! प्लेट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर पावणेचारशे मायक्रॉनच्या आसपास, कारण अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या एक तृतीयांशच ताठ असतं, आणि हो, कुठल्याही ग्रेडचं घ्या, महागडं कडक ग्रेड घेतलं म्हणून ताठपणा वाढत नाही, फक्त तुटायला जास्त जोर लागतो. स्टीलचंही तसंच. माझ्या पहिल्या मशीनमध्ये नेमकी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट होती, दिसायला फार सुंदर.

उपाय असा. त्याच २० मिमी स्टील प्लेटच्या दोन्ही कडांना १२ मिमी जाड आणि ६० मिमी उंच पट्ट्या उभ्या लावा, वरपासून खालपर्यंत सलग. वजन दीडपट होतं, ताठपणा साधारण वीसपट. एकशेतीसचे सहा-सात मायक्रॉन. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर ते सहा महिने वाचले असते. पट्ट्या वेल्ड करणार असाल तर प्लेट वाकडी होणारच, म्हणून वेल्ड आधी आणि तोंड मारून (मशीनवर कापून सपाट करून) घेणं नंतर. बोल्टनं लावणार असाल तर बोल्ट जवळ जवळ हवेत, ४० मिमीला एक तरी, नाहीतर पट्टी आणि प्लेट एकमेकांवर घसरतात आणि वीसपट कागदावरच राहतं.

आणि जमेल तेवढं टोक आखूड ठेवा. २०० मिमी झेड ट्रॅव्हल खरंच लागणारे का हे स्वतःला परत एकदा विचारा. लटकणारी लांबी घनाच्या हिशोबानं मारते, म्हणजे लांबी दुप्पट की वाक आठपट. कटरलाही तेच लागू. ६ मिमीचा कार्बाइड एंडमिल २० मिमी बाहेर आणि ४० मिमी बाहेर यात आठपट फरक पडतो, आणि तो फुकटात मिळणारा आठपट आहे, कोलेट सैल करा, कटर आत ढकला, झालं. लोक बेसमध्ये अजून शंभर किलो ओततात आणि कटर मात्र उंदराच्या शेपटासारखा लांब सोडून ठेवतात.

मशीनची रचना कुठली घ्यायची, तर तुमच्या साइजला गॅन्ट्री फिक्स आणि टेबल हलतं ठेवा. फिरती गॅन्ट्री मोठ्या शीटच्या कामाला ठीक, कारण तिथं जागा वाचते. पण ६०० बाय ४०० ला जागेचा एवढा प्रश्न नाही, बेस साधारण १ मीटर लांब होईल आणि बदल्यात गॅन्ट्रीचे पाय बेसला कायमचे पक्के बसतात, दोन ब्लॉकवर तोलत नाचत नाहीत. शिवाय हलतं टेबल हलकं राहतं आणि गॅन्ट्री हवी तेवढी जड करता येते. जड ते स्थिर ठेवा, हलतं ते हलकं ठेवा. झेड आणि टेबलमध्ये उगीच वजन घातलं की मोटर मोठी लागते, मोटर मोठी की ड्राइव्ह मोठा, आणि प्रत्येक वळणावर सगळा सांगाडा हादरतो.

काँक्रीटचं आता. १५० च्या पाईपमध्ये काँक्रीट भरलं तर मीटरला साधारण ४५ किलो वजन वाढतं आणि वाकण्यातला ताठपणा फार तर ३५-४० टक्के, तोही काँक्रीट पाईपला आतून पक्कं चिकटून राहिलं तर. साधं सिमेंट सुकताना आकसतं, मग आत एक सुटा ठोकळा तयार होतो आणि हाताशी येतं फक्त वजन. २७ किलोचे ७० च्या वर गेले आणि ताठपणा दीडपट पण नाही. मग भरायचं कशासाठी? हादरे जिरवायला. वेल्ड केलेला रिकामा पाईप ठोकून बघा, घंटेसारखा वाजतो. कापताना कटरचा प्रत्येक दात असाच ठोकतो आणि ती घंटा वाजत राहिली की पुढचा दात आधीच्या लाटांवरून जातो, मग त्या लाटा अजून मोठ्या होतात, यालाच आपण चॅटर म्हणतो. आत भराव असला की घंटेचा ठप्प आवाज होतो. बिडाचे बेड वापरायची पद्धत पडली त्यात याचाही मोठा वाटा आहे, बीड स्टीलपेक्षा मऊच असतं पण हादरे जास्त चांगले जिरवतं.

त्यामुळे माझं मत असं की बेस आणि गॅन्ट्रीचे पाय भरा, गॅन्ट्री फिक्स आहे तर तीही भरली तरी चालेल, झेड मात्र नको. भरायला सगळ्यात सोपी कोरडी वाळू, पूर्ण वाळवलेली, ठोकून ठोकून बसवलेली, आणि वरून झाकण पक्कं. ओली राहिली तर आतून गंज. यापेक्षा चांगलं हवं तर न आकसणारा ग्राउट, आणि त्याहून चांगलं एपॉक्सी ग्रॅनाइट, म्हणजे वेगवेगळ्या साइजची खडी आणि वाळू यांत वजनाच्या साधारण १० टक्के एपॉक्सी. एपॉक्सी कमी आणि खडी जास्त हे त्यातलं मर्म आहे, एपॉक्सी स्वतः फार मऊ असतं, त्यानं फक्त दगड एकमेकांना धरायचे असतात. मिश्रण ओल्या मातीसारखं लागतं, ओतता येत नाही, हादरवून दाबायला लागतं. स्लो हार्डनर घ्या आणि मोठा भराव एका दमात करू नका, मी एकदा केला होता तेव्हा तो एवढा तापला की पाईपला हात लावता येईना आणि थंड होताना चिरला. अजून एक, भरायच्या आधी सगळी भोकं, आटे, वायरीचे पाईप आत बसवून घ्या. नंतर त्यात ड्रिल मारायची वेळ दुश्मनावर येऊ नये.

वेल्डिंग की बोल्टिंग? बेस आणि गॅन्ट्री वेल्ड, आणि जे जे नंतर सरळ करून घ्यायचंय ते बोल्ट. म्हणजे गॅन्ट्री बेसवर बसते तो जोड बोल्टचाच, तिथं शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून काटकोन जुळवायला वाव हवा. वेल्ड करताना आधी सगळीकडे टाके मारून घ्या, मग समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून, छोटे छोटे पट्टे, एका कोपऱ्यात बसून सलग ओढू नका. तरीही वाकडं होईल. वाकडं होण्यापेक्षा वाईट म्हणजे आत अडकलेला ताण, जो आज दिसत नाही, तुम्ही रेलच्या जागा मशीनिंग करून वरचा थर काढला की तो मोकळा होतो आणि चार महिन्यांनी बेस आपोआप केळ्यासारखा झालेला असतो. यावर खरा उपाय स्ट्रेस रिलीफ, भट्टीत ६०० डिग्रीच्या आसपास, जाडीच्या दर २५ मिमीला साधारण एक तास, आणि मग भट्टीतच सावकाश थंड. आणि हे मशीनिंगच्या आधी आणि भराव घालायच्याही आधी, क्रम चुकवू नका, एपॉक्सी भरलेला पाईप ६०० डिग्रीला नेलात तर काय होईल ते सांगायची गरज नाही. त्यानंतर रेलच्या सगळ्या जागा मोठ्या मशीनवर एकाच सेटिंगमध्ये मारून घ्या. एकाच सेटिंगमध्ये हे महत्त्वाचं, उलटून परत पकडलं की समांतरपणा गेला.

हे सगळं जमणार नसेल तर सेल्फ लेव्हलिंग एपॉक्सीचा मार्ग आहे. रेलच्या जागेभोवती पट्ट्यांची पाळ करायची, दोन्ही रेलच्या पाळी मध्ये एका नालीनं जोडायच्या म्हणजे दोन्हीकडे पातळी एकच येते, पातळ आणि सावकाश बसणारं एपॉक्सी ओतायचं, बुडबुडे गेले की झाकून ठेवायचं आणि मग दोन-तीन दिवस त्या खोलीत जायचंच नाही. कडेला एपॉक्सी पाळीवर चढतं, ती कड नंतर कानशीनं काढायला लागते, म्हणून पाळ रेलपेक्षा बरीच रुंद ठेवा. थर ६ ते १० मिमी पुरतो, जाड केला तर ते पुन्हा मऊ होतं. माझी दुसरी मशीन अशीच झाली आणि मीटरभर लांबीत दोन-तीन शतांश मिमीच्या आत आली. मशीनिंगएवढं चांगलं नाही, पण डोळ्यांनी शिम लावत बसण्यापेक्षा कितीतरी बरं.

बरं, सपाट मोजायचं कशावर? ग्रॅनाइटची पाटी नाहीतर खात्रीची सरळ पट्टी हवीच. तीन पाट्या एकमेकींवर आळीपाळीनं घासून, उंच जागा खरडून तिन्ही सपाट करायची जुनी पद्धत आहे, जोसेफ व्हिटवर्थनं १८४० मध्ये ती मांडली, आणि दोनऐवजी तीन का तर दोन पाट्या एकीला फुगवटा आणि दुसरीला खोलगट होऊनही एकमेकींवर छान बसतात, तिसरी आली की ते खोटं उघडं पडतं. तुम्ही हे करा असं म्हणत नाही, हात गळून पडतात. पण यातली युक्ती गुण्या तपासताना वापरा, गुण्या एकदा इकडून लावा एकदा उलटून, दोन्ही रेषांमध्ये जो फरक दिसेल त्याच्या निम्मी गुण्याची चूक. आपल्या मोजायच्या साधनावर आंधळा विश्वास ठेवून मी एक अख्खी गॅन्ट्री तिरकी बसवली होती.

रेल प्रोफाइलवाल्याच (चौकोनी, लांबीभर खाली बोल्टनं बसणाऱ्या) घ्या, २० ची साइज या मशीनला पुरते, २५ घेतलीत तर वाईट नाही. दोन टोकांना टेकवलेले गोल रॉड नकोत म्हणजे नकोत. २० मिमीचा रॉड ६०० मिमी अंतरावर टेकवला आणि मध्ये २०० न्यूटन दिला तर अर्ध्या मिमीच्या वर वाकतो. मायक्रॉन नाही, मिमी. एक रेल मास्टर धरून सरळ पट्टीवरून डायलनं सरळ करा, पक्की करा, मग दुसरी तिच्यावरून, ब्लॉकवर डायल लावून सरकवत सरकवत. बोल्ट मधून कडेकडे आवळत जा. टेबल हातानं सरकवून बघा, सगळीकडे सारखं लागलं पाहिजे, कुठं घट्ट कुठं सैल लागलं तर रेल समांतर नाहीत, वंगणाला दोष देऊ नका. ब्लॉक एकमेकांपासून लांब ठेवा, दोन ब्लॉकमधलं अंतर कमी असेल तर ब्लॉकमधला इवलासा झोल टोकाला मोठा होऊन दिसतो. आणि रेल पाईपच्या भिंतीच्या मधोमध बसवू नका, ६ मिमीची भिंत तिथं पत्र्यासारखी आत दबते, कोपऱ्याजवळ बसवा, खाली जाड पट्टी देऊन.

जोडांबद्दल एक, आणि हे कुठं लिहिलेलं फार सापडत नाही. तिसऱ्या मशीनला सगळं नीट केलं, हिशोब केले, आणि तरी डायल हिशोबाच्या तिप्पट दाखवत होता. दोन दिवस शोधलं. निघालं काय, तर पाय बेसवर बसतात त्या जागेवर मी हौसेनं दोन हात रंग मारला होता! रंगाचा थर, त्याच्यावर पाय, त्याच्यावर बोल्ट. खरडून काढला, दोन्ही तोंडं घासून निळा (कुठं टेकतंय ते दाखवणारी शाई) लावून जुळवली, बोल्ट परत आवळले आणि आकडा निम्म्यावर आला. जोडात लोखंडाला लोखंड टेकलं पाहिजे. ८.८ ग्रेडचा एम ८ बोल्ट साधारण २५ न्यूटन मीटरला आवळतात, टॉर्क रेंच वापरा, आणि एका मोठ्या बोल्टपेक्षा चार मध्यम बरे. सगळं जुळलं की मग डॉवेल पिना (जोडाची जागा पक्की करणाऱ्या) ठोका, आधी नाही.

स्टीलच्या बेसवर लांब अ‍ॅल्युमिनियमची प्लेट घट्ट आवळू नका. १० डिग्री तापमान बदललं तर १ मीटरमागे दोघांच्या वाढण्यात ०.११-०.१२ मिमीचा फरक पडतो आणि प्लेट कमानीसारखी होते. सकाळी जॉब बरोबर, दुपारी चूक, असं ज्यांचं होतं त्यांनी आधी हे बघावं.

बॉल स्क्रू, म्हणजे टेबल किंवा झेड सरकवणारा आट्यांचा दांडा. १६ मिमीवाला स्वस्त पडतो म्हणून सगळे घेतात. ६०० मिमी लांबीत तो नुसता ताणून-दाबून ५०० न्यूटनला साधारण १० मायक्रॉन देतो, २५ मिमीवाला ४. तुमच्यासाठी २० किंवा २५, पिच ५ किंवा १०. सी ७ ग्रेड म्हणजे ३०० मिमीमागे ०.०५ मिमीपर्यंत चूक, ती सॉफ्टवेअरमध्ये मोजून भरता येते, बॅकलॅश (दिशा उलटताना येणारा झोल) मात्र तसा भरता येत नाही, भरला तरी कापताना जॉब स्क्रूला ओढतोच. म्हणून प्रीलोडवाला (आधीच दाबून झोल काढलेला) नट, आणि एका टोकाला अँग्युलर कॉन्टॅक्ट (लांबीच्या दिशेचा जोर घेणाऱ्या) बेअरिंगची जोडी घट्ट, दुसरं टोक लांबीत मोकळं.

बॉल स्क्रू करंट गेल्यावर थांबत नाही, हे पण लक्षात ठेवा. माझं पस्तीस-चाळीस किलोचं हेड ड्राइव्ह बंद केल्याबरोबर शांतपणे खाली आलं आणि व्हाइसमध्ये कटर रुतवून बसलं. माझा हात दोन सेकंदांपूर्वी तिथंच होता. झेडला ब्रेकवाली मोटर लावा, सोबत गॅस स्प्रिंग किंवा काउंटरवेट. यात काटकसर नको.

स्पिंडल. २.२ किलोवॅटचा २४,००० आरपीएमवाला. ९५५० गुणिले किलोवॅट भागिले आरपीएम केलं की टॉर्क न्यूटन मीटरमध्ये येतो, इथं जेमतेम ०.८८. हे स्पिंडल खाली आणले की टॉर्क वाढत नाही, तेवढाच राहतो, म्हणजे ३००० ला तुमच्या हातात पाव किलोवॅटच्या थोडं वर उरतं. ६ मिमीच्या कटरनं अ‍ॅल्युमिनियम ३०० मीटर प्रति मिनिटानं कापायचं तर १६,००० च्या आसपास आरपीएम लागतात, तिथं हा स्पिंडल मस्त. पण ५० मिमीच्या फेसमिलनं स्टीलवर तोंड मारायचं तर आरपीएम हजाराच्या आत, तिथं तो जागीच थांबेल. स्टीलमध्ये छोटे कार्बाइड कटर, कमी रुंदी, जास्त खोली, असं कापलंत तर जमतं, वेळ लागतो. स्टील रोजचं असेल तर बीटी ३० (कटर धरायच्या निमुळत्या होल्डरचं एक माप) चा बेल्टवाला स्पिंडल बघा, पण तो जड असतो म्हणजे झेडचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. तुमचं अधूनमधून आहे, वॉटर कूल्डच ठेवा.

कंट्रोलबद्दल मी फार बोलत नाही, लिनक्स सीएनसी (मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) घ्या नाहीतर दुसरं काही, ताठपणाला त्याचा काही फरक पडत नाही. मोटरची केबल शील्डेड, अर्थिंग एकाच ठिकाणी, व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बाकीच्या वायरींपासून लांब, आणि इमर्जन्सी बटण हाताच्या अंतरावर. मोटर क्लोज्ड लूप स्टेपर किंवा ७५० वॅटचे सर्व्हो, दोन्ही चालतात.

आता मोजायचं कसं ते. मासे-भाजी तोलायचा हुकवाला स्प्रिंगचा काटा असतो, तो स्पिंडलच्या नाकाला अडकवा, डायलचं बूड टेबलावर आणि टोक नाकाला, आणि २० किलोनं आडवं ओढा. म्हणजे साधारण २०० न्यूटन. डायल ०.०५ मिमी गेला तर मशीन ४ न्यूटन प्रति मायक्रॉनची. एक्सला, वायला, झेडला, तिन्हीकडे. माझा अनुभव असा की २ च्या खाली असेल तर लाकूड-प्लास्टिक, ५ च्या पुढं अ‍ॅल्युमिनियम सुखानं, १० च्या पुढं स्टीलकडे बघायला हरकत नाही. मग ओढायची जागा तीच ठेवून डायल एकेक जोड मागं नेत जा, स्पिंडलचा क्लॅम्प, झेड प्लेट, ब्लॉक, गॅन्ट्री, पाय. जिथं आकडा एकदम पडतो त्याच्या आधीचा जोड तुमचा चोर. मशीन पूर्ण व्हायची वाट बघू नका, नुसते सांगाडे बोल्टनं जोडले की लगेच पहिलं माप घ्या, तेव्हा बदलणं सोपं असतं.

आणलेले ६० बाय ६० चे बार परत करू नका. गॅन्ट्री १५० च्या पाईपची करा आणि हे बार बेसमध्ये वापरा, लांबीच्या दोन्ही बाजूंना वाय रेलच्या बरोबर खाली, पाईपच्या भिंतीवर वेल्ड करून. रेलला जाड जागा मिळते, आटे पाडायला भरपूर खोली मिळते, मशीनिंगला दोन मिमी काढले तरी काही बिघडत नाही, आणि ते वजन जमिनीजवळ राहतं. उरलेल्या तुकड्यांचे गॅन्ट्रीच्या पायांखाली ठोकळे होतील. फक्त बार वेल्ड करायच्या आधी त्यांच्यावरची काळी पपडी (मिल स्केल, बार गरम लाटताना येते ती) ग्राइंडरनं काढून टाका, नाहीतर टाके धरत नाहीत.